वीसपट म्हणजे किती? लसीच्या बातमीनंतर एका घरातले निर्णय

पार्श्वभूमी

एप्रिल २०२४ च्या अखेरीस ब्रिटनमधून एक बातमी आली. ॲस्ट्राझेनेका कंपनीने तिथल्या उच्च न्यायालयात दिलेल्या कागदपत्रांत मान्य केलं होतं, की तिच्या कोविड लसीमुळे अत्यंत क्वचित टीटीएस हा विकार होऊ शकतो. यात रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट घटतात. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोविशील्ड नावाने बनवली आणि महाराष्ट्रात घरटी कुणी ना कुणी ती घेतलेली. लोकसभेच्या प्रचाराचे दिवस होते, तरी दवाखान्याच्या बाकावर निवडणूक मागे पडली आणि गुठळ्यांची चर्चा सुरू झाली.

वैद्यकीयदृष्ट्या यात नवं काही नव्हतं. युरोपच्या औषध नियामकाने ७ एप्रिल २०२१ लाच हा अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवला होता. त्याच वर्षी १७ मे रोजी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही लसीनंतरच्या गुठळ्यांच्या नोंदींची माहिती जाहीर केली. लस घेतल्यापासून वीस दिवसांत धाप, छातीत दुखणं, पायाला सूज, थांबत नाही अशी तीव्र डोकेदुखी असं काही झालं तर लगेच दाखवा, अशी सूचनाही त्यात होती. मात्र ती सूचना ज्यांच्यासाठी होती, त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचली. दुसऱ्या लाटेत बेड आणि ऑक्सिजन शोधण्यात गुंतलेल्या माणसाला परिपत्रक कोण वाचून दाखवणार?

ही गोष्ट पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातल्या एका जोडप्याची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सर ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, वय ५२. आठ-नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. दिवसाला पाच-सहा सिगारेटी ओढतात. घरी माहीत नाही असं त्यांना वाटतं, पण त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, ठाऊक आहे. एप्रिल २०२१ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली तेव्हा दोघांनी पहिला डोस घेतला. मे महिन्यात दोन डोसांमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झाल्यामुळे दुसरा डोस पावसाळ्यात पडला. एक दिवस अंग दुखलं, बाकी काही नाही.

समस्या

बातमीनंतर आठवड्याभराने दोघं माझ्या दवाखान्यात आले. सरांच्या फोनवर एक संदेश होता: या लसीने मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका ‘वीसपट’ वाढतो. तो वाचल्यापासून त्यांना झोप नव्हती. मेडिकलमधून त्यांनी ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी आणून स्वतःच सुरू केली होती. ‘रक्त पातळ राहिलेलं बरं,’ असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी त्याच आठवड्यात शहरातल्या एका लॅबमधून डी-डायमर ही गुठळीच्या संशयात करतात ती रक्ततपासणी करून घेतली होती. रिपोर्टमध्ये आकडा ६४०, शेजारी छापलेली मर्यादा ५०० आणि आकड्यापुढे वर दाखवणारा बाण.

त्यांच्या तीन मागण्या होत्या. सरांचीही डी-डायमर करायची, गोळी चालू ठेवायची की आणखी जोराची घ्यायची ते सांगायचं आणि वहिनींचा सीटी स्कॅन काढायचा.

वीसपट हा आकडा खोटा नव्हता, हे आधी सांगायला हवं. डेन्मार्क आणि नॉर्वेतल्या १८ ते ६५ वयाच्या सुमारे २ लाख ८१ हजार लसवंतांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूतल्या शिरेतील गुठळीचं प्रमाण अपेक्षेच्या वीसपट आढळल्याचं त्यात खरोखरच म्हटलं होतं. पण एरवीच्या हिशेबाने एवढ्या लोकांत चार आठवड्यांत अशी ०.३ प्रकरणं अपेक्षित होती, म्हणजे एकही पूर्ण माणूस नाही. प्रत्यक्षात सात सापडली. लसीमुळे पडलेली भर लाखात अडीच. ‘वीसपट’ हा सापेक्ष धोका, म्हणजे एरवीच्या तुलनेत किती पट; आणि ‘लाखात अडीच’ हा निरपेक्ष धोका, म्हणजे प्रत्यक्षात किती माणसं. अभ्यास एकच, माणसं तीच सात. संदेश पुढे ढकलणाऱ्याने पहिला आकडा उचलला आणि दुसरा मागे ठेवला.

निरपेक्ष धोका सांगताना तीन गोष्टी सोबत याव्याच लागतात: किती जणांत, किती काळात आणि कोणत्या माणसांत. यातली एक जरी गाळली तरी आकडा लंगडा पडतो. या घरात सगळ्यात जास्त महत्त्वाची ठरली ती मधली गोष्ट, काळ. पुढे ते येईल.

समोर असलेले पर्याय

सोपा मार्ग होता ‘मागतायत तर करून टाकू’ हा. तपासणीची चिठ्ठी लिहायला अर्धं मिनिट लागतं, रुग्णही खूश होतो. पण डी-डायमर ही लक्षणं असलेल्या माणसात गुठळी नाही ना, हे पाहण्यासाठीची तपासणी आहे. आकडा कमी आला आणि संशयही कमी असला तर निश्चिंत होता येतं. जास्त आला तर त्यावरून फारसं काही कळत नाही. ताप, जंतुसंसर्ग, सांध्याची सूज, गरोदरपण, शस्त्रक्रिया, नुसतं वाढतं वय, यातल्या कशानेही तो चढतो. म्हणूनच पन्नाशीनंतर वयाच्या दहापट ही मर्यादा धरायची पद्धत आहे.

वहिनींना मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. समजा, काहीही त्रास नसलेल्या एक लाख लोकांत खरी गुठळी असलेला एकच माणूस आहे. आणि समजा, निरोगी शंभरातल्या फक्त दहा जणांचा रिपोर्ट उगाच वर येतो. तर लाखात जवळपास दहा हजार जणांच्या रिपोर्टवर बाण उमटेल आणि त्यातला एक खरा असेल. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले होते, हेही त्यांना सांगितलं.

दुसरा पर्याय होता हात झटकण्याचा: ‘काही होत नाही, मोबाईल बघणं बंद करा.’ आपल्याकडे हा फार चालतो आणि मला तो मनापासून चुकीचा वाटतो. टीटीएसने माणसं गेली आहेत. ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन कोटींहून अधिक डोसांमागे ७९ प्रकरणं नोंदली गेली आणि त्यात १९ मृत्यू होते. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला दहा लाखांत चार या आकड्याचा काय उपयोग? धोका लहान आहे असं सांगणं निराळं आणि धोका नाही असं सांगणं निराळं. दुसरं सांगितलं की पुढच्या खऱ्या सूचनेवरचाही विश्वास उडतो.

तिसरा पर्याय म्हणजे गोळी चालू राहू द्यायची. स्वस्त आहे, मनाला आधार आहे, मधुमेहही आहेच. अनेक डॉक्टर इथे मान डोलावतील. त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

चौथा, वेळखाऊ पर्याय: आकडे नीट मांडायचे, आणि मग त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं.

पहिला निर्णय: आकडा कसा सांगायचा

लाखात अडीच, दहा लाखांत चार असे आकडे कानावरून घसरून जातात. सर वारकरी घरातले आहेत. आषाढीला पंढरपुरात दहा लाखांवर माणूस जमतो, ती गर्दी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. मी म्हटलं, ‘सर, त्या सगळ्या गर्दीला ही लस दिली असं समजा. डेन्मार्क-नॉर्वेचा आकडा लावला तर चार आठवड्यांत मेंदूच्या शिरेत गुठळी झालेले पंचवीस जास्तीचे लोक निघतील. ब्रिटनचा सुरुवातीचा टीटीएसचा आकडा लावला तर चार.’

‘मग आपल्याकडचा किती?’ त्यांनी लगेच विचारलं. गणिताचा माणूस.

मे २०२१ च्या सरकारी माहितीत भारतातला आकडा दहा लाख डोसांमागे ०.६१ असा दिला होता. पण तो मी आधाराला घेतला नाही, आणि का ते त्यांना सांगितलं. हा आकडा कळवल्या गेलेल्या प्रकरणांवरून काढलेला होता. ज्या खेड्यात तीव्र डोकेदुखीच्या माणसाचा एमआरआय होत नाही, तिथली गुठळी नोंदीत येतच नाही. ब्रिटनमध्येसुद्धा नोंदी होत गेल्या तसा पुढे आकडा वाढला. वरचा अंश कच्चा असला की भागाकार कितीही नेमका केला तरी उत्तर कच्चंच राहतं. सरांना हे पटलं. मला वाटतं, सोयीचा आकडा बाजूला ठेवल्यामुळेच पुढचे आकडे त्यांनी विश्वासाने ऐकले.

मग ‘कोणत्या माणसांत’ हा प्रश्न. केंब्रिज विद्यापीठातल्या एका गटाने ७ एप्रिल २०२१ रोजी वयानुसार तक्ता मांडला होता. संसर्ग कमी असलेल्या परिस्थितीत, सोळा आठवड्यांत, लाखामागे लसीमुळे टळणारे अतिदक्षता विभागातले रुग्ण एकीकडे आणि लसीमुळे होणारी गंभीर इजा दुसरीकडे. चाळीस ते एकोणपन्नास या वयात ५.७ विरुद्ध ०.५. साठ ते एकोणसत्तरमध्ये १४.१ विरुद्ध ०.२. पण वीस ते एकोणतीसमध्ये ०.८ विरुद्ध १.१, म्हणजे पारडं उलटं. त्याच दिवशी ब्रिटनने तिशीच्या आतल्यांना ही सोडून वेगळी लस देण्याचा सल्ला दिला आणि महिन्याभराने ती मर्यादा चाळीसवर नेली. निरपेक्ष धोक्याचा हिशेब नेहमी लसीच्याच बाजूने लागतो असं नाही, हे सरांनी पाहिलं. स्वतःच्या वयाच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यातला संसर्ग ‘कमी’ म्हणण्यासारखा अजिबात नव्हता, हे मला सांगावं लागलं नाही.

आणि काळ. टीटीएस होतो तो डोसनंतर साधारण चार ते बेचाळीस दिवसांत, आणि मुख्यतः पहिल्या डोसनंतर. सरांच्या पहिल्या डोसला तीन वर्षं उलटून गेली होती. पंचवीस काय किंवा चार काय, ते आकडे त्या खिडकीतले होते आणि ती खिडकी २०२१ मध्येच बंद झाली. त्या डोसांमुळे आज टीटीएस होण्याचा धोका मोजण्याइतकाही उरलेला नाही.

इथे मला वाटलं होतं, चेहरा सैलावेल. तसं झालं नाही.

भावाचा प्रश्न

वहिनींनी सांगितलं, ‘डॉक्टर, मोठे भाऊजी दिवाळीत गेले ना, बावीसच्या. तेव्हापासून ह्यांच्या मनात तेच आहे.’

सरांचे थोरले भाऊ ५३ व्या वर्षी शेतातून येऊन ओटीवर बसले आणि गेले. शवविच्छेदन झालं नाही. त्यांनीही कोविशील्डच घेतली होती. ‘दादाला काय झालं होतं सांगा, मग बाकीचं,’ सर म्हणाले.

आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, एक अभ्यास माझ्या हाताशी होता. देशभरातली ४७ रुग्णालयं, अचानक दगावलेले ७२९ जण आणि तुलनेसाठी २,९१६ जण. लसीमुळे अचानक मृत्यूचा धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी होता. पण तो अभ्यास १८ ते ४५ वयाच्या लोकांचा होता. दादा ५३ चे. तो कागद पुढे करून प्रश्न मिटवणं सोपं होतं, पण प्रामाणिक नव्हतं. मी इतकंच सांगितलं, की दादांचा शेवटचा डोस आणि मृत्यू यात वर्षाहून जास्त अंतर होतं, टीटीएस असा उशिरा येत नाही आणि या वयात असा मृत्यू बहुतेकदा हृदयविकाराने होतो. नक्की काय झालं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. समूहाचा धोका काढता येतो, एका गेलेल्या माणसाचं कारण त्यातून निघत नाही. सर बराच वेळ गप्प होते. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो. फक्त गोळीबद्दल चार दिवसांनी बोलायचं ठरलं.

दुसरा निर्णय: गोळी

मधुमेह असलेल्या, पण हृदयविकाराचा इतिहास नसलेल्या १५,४८० जणांवर ब्रिटनमध्ये झालेली ॲस्पिरिनची मोठी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी सव्वासात-साडेसात वर्षं पाठपुरावा. हार्ट ॲटॅक, पक्षाघात अशा गंभीर घटना गोळी न घेणाऱ्यांत शंभरात ९.६ आणि घेणाऱ्यांत ८.५. मोठा रक्तस्राव गोळी न घेणाऱ्यांत ३.२, घेणाऱ्यांत ४.१.

टक्केवारीच्या भाषेत सांगायचं तर फायदा १२ टक्के आणि रक्तस्राव २९ टक्के जास्त. ऐकणारा गोळी तत्काळ फेकून देईल. आणि ज्याला गोळी खपवायची आहे तो फक्त ‘झटक्याचा धोका १२ टक्क्यांनी कमी’ एवढंच सांगेल. निरपेक्ष हिशेबात शंभर माणसांमागे सात वर्षांत साधारण एकाचा फायदा आणि साधारण एकाचं नुकसान. बरोबरीचा सामना. मग निर्णय त्या माणसाच्या इतर गोष्टींवर येतो. सरांना जुनी ॲसिडिटी होती आणि गुडघ्यासाठी ते अधूनमधून वेदनाशामक गोळ्या घेत. या दोन्हींमुळे पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढते. त्यांनी ॲस्पिरिन बंद केली. ‘गुठळीसाठी घेत होतो, आणि गुठळीचा संबंधच उरला नाही,’ हे वाक्य त्यांचं.

वहिनींच्या रिपोर्टवर मात्र एकमत झालं नाही. नाडी, ऑक्सिजन, पाय, श्वास, सगळं ठीक होतं. महिन्याभरात ताप येऊन गेला होता आणि गुडघा सुजलेला होता. सीटी स्कॅनची गरज नाही, त्यात किरणोत्सर्ग आणि खर्च दोन्ही आहेत, असं माझं मत मी सांगितलं. त्यांना ते पटत होतं, पण बाण डोळ्यांसमोरून जात नव्हता. शेवटी त्यांनी माहेरच्या गावाजवळच्या शहरात जाऊन पायांचा डॉपलर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घेतला. तो नॉर्मल आला. माझ्या मते तो अनावश्यक होता. त्यांच्या मते त्या रात्री त्यांना झोप लागली. दोन्ही खरं आहे.

तिसरा निर्णय: खऱ्या धोक्याचा विषय कधी काढायचा

पहिल्याच दिवशी सरांचा वरचा बीपी १५६ होता. मधुमेह, सिगारेट, भाऊ पंचावन्नच्या आत गेलेला. जागतिक आरोग्य संघटनेने दक्षिण आशियासाठी केलेल्या तक्त्यात त्यांचं वय, बीपी, कोलेस्टेरॉल, मधुमेह आणि धूम्रपान घातलं तर पुढच्या दहा वर्षांत हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात होण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात येते. त्या तक्त्यात घरातल्या हृदयविकाराचा इतिहास धरलेला नाही, म्हणजे खरा आकडा याहून थोडा वरच असणार.

लाखात अडीच एका बाजूला आणि शंभरात दहा-वीस दुसऱ्या बाजूला. हे त्याच बैठकीत बोलून टाकावं, असा मोह होतोच. मी थांबलो. लसीची भीती घेऊन आलेल्या माणसाला सिगारेटवर व्याख्यान दिलं की त्याला वाटतं, आपला प्रश्न टाळला जातोय. विषय निघाला तो गोळी बंद झाल्यावर, तिसऱ्या भेटीत, आणि त्यांनीच काढला: ‘मग मला धोका कशाचा आहे, तेही त्याच पद्धतीने सांगा.’

मी मधला आकडा धरला, शंभरात पंधरा. वरचा बीपी दहाने खाली आणला तर मोठ्या हृदय-रक्तवाहिनी घटना साधारण २० टक्क्यांनी घटतात, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलं आहे. इथे सापेक्ष आकडा कामाचा आहे, कारण तो लावायला खाली त्यांचा स्वतःचा निरपेक्ष धोका आहे: पंधराचे बारा, म्हणजे त्यांच्यासारख्या शंभरांत तिघं वाचले. हाच २० टक्क्यांचा फायदा शंभरात एक धोका असलेल्या तरुणाला लावला तर पाचशे जणांनी दहा वर्षं औषध घ्यायचं तेव्हा एक वाचणार. म्हणून एकाच बीपीला दोन माणसांत दोन वेगळे सल्ले असू शकतात.

परिणाम

बीपीची गोळी आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू झालं. वर्षअखेरीस वरचा बीपी १३० च्या आसपास होता. साखर पूर्वीपेक्षा बरी, पण हवी तिथे नाही. सिगारेट दोनदा सुटली आणि दोनदा परत आली. आता दिवसाला एक-दोनवर आहे आणि वहिनींसमोर उघडपणे मान्य आहे, एवढी प्रगती. डी-डायमर त्यांनी केलीच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी २०२१ मध्ये. लस घेतल्यावर केंद्रात अर्धा तास बसवत होते. त्या अर्ध्या तासात एक मराठी चिठ्ठी हातात देता आली असती: हा त्रास लाखो डोसांत मोजक्यांना होतो, झालाच तर महिना-दीड महिन्याच्या आत होतो, ही लक्षणं दिसली तर इथे या. ज्याला खरोखर गुठळी झाली असती, त्याचा जीव वाचायला ती उपयोगी पडली असती. आणि ज्याला झाली नाही, त्याला तीन वर्षांनी ‘हे आमच्यापासून लपवलं’ असं वाटलं नसतं. सरांच्या रागाचा मोठा भाग हाच होता आणि तो रास्त होता.

लॅबनेही लक्षणं न विचारता डी-डायमर करू नये. रिपोर्टवरच्या बाणाखाली ‘हा आकडा इतर अनेक कारणांनी वाढतो’ अशी एक ओळ छापायला खर्च येत नाही.

दवाखान्यात, पहिल्या भेटीत आकड्यांच्या आधी ‘ही भीती नेमकी कुठून आली?’ हा प्रश्न घेतला तर भावाचा विषय लवकर निघतो. तपासणी मागणाऱ्याला ‘आकडा वर आला तर पुढे काय करायचं ठरवलंय?’ असंही चिठ्ठी लिहिण्याआधी विचारावं.

यंदा सर पुतण्याला घेऊन आले होते. दादांचा मुलगा, वय २४. ‘ह्याचा धोका काढा.’ जागतिक आरोग्य संघटनेचा तो तक्ता चाळिशीपासून सुरू होतो, त्याच्या वयाला दहा वर्षांचा आकडा इतका लहान येतो की त्यावरून काही ठरवता येत नाही. वडील ५३ व्या वर्षी गेल्यामुळे त्याचं कोलेस्टेरॉल एकदा तपासलं, बीपी पाहिला, दोन्ही ठीक निघाले. तंबाखूला हात लावायचा नाही आणि काही वर्षांनी पुन्हा तपासायचं, एवढंच त्याच्या कागदावर लिहिलं.